मागे जाणारा बाण

३ मार्च, मंगळवार

डॉक्टरांनी आज बोलावून घेतलं आणि काम माझ्या गळ्यात घातलं. आमच्या मधुमेह विभागात डॉक्टर एकूण बारा आहेत, पण नुसतं ‘डॉक्टर’ म्हटलं की ते विभागप्रमुखच. काम असं: पायाच्या तपासणीला दिवसाला बारा माणसं बघता येतात आणि यादीत अडीच हजार आहेत. तेव्हा कुणाचा पाय बिघडणार हे गणिताने आधी सांगायचं आणि त्याला आधी बोलवायचं. डोळ्यांची आणि मूत्रपिंडांची मॉडेल्स दुसऱ्यांनी करून ठेवली आहेत. माझ्या वाट्याला पाय आले.

घरी येऊन जेवणाच्या टेबलावरच कागद पसरला. पाच चौकोन काढले. पाय ठीक, पाय दुखतो, पाय बधिर, पायाला जखम, पाय कापला. एका चौकोनातून दुसऱ्यात जाणारे बाण, आणि प्रत्येक बाणावर एक आकडा: दर तीन महिन्यांत शंभरातली किती माणसं या वाटेने जातात. झालं मॉडेल. पुढचा सगळा पसारा ते आकडे शोधण्याचा.

दादा ताट बाजूला सारून कागदावर वाकला. चाळीस वर्षं त्याने दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त केले, आता घरी बसून मला दुरुस्त करतो. वहिनी गेल्यापासून आम्ही दोघंच. तो म्हणतो मी त्याच्याकडे राहते, मी म्हणते तो माझ्याकडे राहतो. मधुमेह त्याला सतरा वर्षं आहे.

"मास्तरीण, यात मी कुठे?"

"दुसऱ्या चौकोनात. रोज संध्याकाळी पाय जळतात म्हणून घर डोक्यावर कोण घेतं?"

"म्हणजे अजून तीन घरं बाकी," म्हणाला आणि हसत उठला.

९ मार्च, सोमवार

बधिरपणा तपासायची खरी रीत म्हणजे नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवायचा आणि विचारायचं, कळलं का. पण सिस्टर कमी, माणसं फार, म्हणून तिघांतल्या एकाचीच ही तपासणी होते. उरलेल्यांची एकच नोंद मिळते. दर तिमाहीला ते नोंदणीच्या खिडकीपाशी एक चिठ्ठी भरतात: पाय किती दुखतो, शून्य ते दहा.

काहींचे आकडे बघता बघता उतरले आहेत. सहा, चार, एक, शून्य. यांना कुठल्या चौकोनात बसवायचं? दुपारभर डोकं खाजवलं. शेवटी दुसऱ्या चौकोनातून पहिल्यात परत जाणारा एक बाण काढला. माणसं बरी होतात, का होऊ नयेत? साखर आटोक्यात आली, पाय शांत झाला. आणि पाय बधिर झाला असता तर माणूस सांगेलच की बधिर झाला म्हणून.

बाण दिसायलाही छान दिसतो. सगळे बाण पुढे, विनाशाकडे जाणारे, आणि हा एकटा मागे येणारा.

१२ मार्च, गुरुवार

एकवीस माणसांनी आज माझा जीव खाल्ला. हे सगळे पहिल्या चौकोनातले, पाय ठीक, दुखणं शून्य. आणि पुढच्याच तिमाहीत थेट चौथ्यात, पायाला जखम. असं कसं होईल? धडधाकट पायाला एकदम हाडापर्यंत जखम? नोंद करणाऱ्याने आकडा चुकवला असणार, दहाचं शून्य केलं असणार. खिडकीवरच्या नोंदी काय लायकीच्या असतात ते मला माहीत आहे.

एकवीसही जण काढून टाकले. आणि काय सांगू, मागच्या सहा वर्षांच्या आकड्यांवर माझी रेघ अशी चपखल बसली की मी खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली.

१९ मार्च, गुरुवार

काही जुन्या तारखा हव्या होत्या म्हणून ड्रेसिंगच्या खोलीत गेले. तिथल्या सिस्टर अठ्ठावीस वर्षं जखमा बांधतायत. हात चालू, तोंडही चालू.

"बाई, पाय दुखला की माणूस धावत येतो, त्याची मला काळजी नाही. मला धास्ती असते ती न दुखणाऱ्याची. परवा एकाच्या तळव्यातून बोटभर खिळा काढला. विचारलं, कधी घुसला? तर मलाच विचारतो, कसला खिळा?"

मी खूप हसले. जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरांना सांगायला म्हणून किस्सा लक्षात ठेवला. सिस्टरच्या मनावर असलेच प्रसंग कोरले जाणार, कारण त्यांच्याकडे येतात तेच मुळी बिघडलेले पाय. बाकीचे दोन हजार त्यांना दिसतात कुठे? मी त्यांना हे समजावून सांगायला गेले, तर म्हणाल्या, "असेल बाई, तुम्ही शिकलेल्या." आणि पट्टी गुंडाळत बसल्या.

तरी परतताना जिन्यात थांबले होते, हे इथे लिहून ठेवते. तो मागचा बाण एकदा पुसून बघावा का, असं मनात आलं. पण पुसला की सगळे आकडे नव्याने बसवायचे, आणि चौदा एप्रिलला बैठक आहे. बघू.

२ एप्रिल, गुरुवार

आज गंमत झाली. दादा बाजारातून आला तो एका पायात चप्पल घालून. दुसरी खालच्या मजल्यावर, पायरीवर पडलेली. तीन मजले हा पठ्ठ्या एकाच चपलेवर चढून आला आणि त्याला पत्ता नाही! मी पोट धरधरून हसले. तोही हसला, पण जरा उशिराने.

म्हटलं, वय झालं. तो म्हणाला, "वयाचं काय घेऊन बसलीस, पाय बघ कसे झालेत. महिना झाला, जळजळ नाही की काही नाही." खरंच की! संध्याकाळचं ओरडणं बंद झालंय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी त्याच्या चिठ्ठ्या काढून बघितल्या. सात, तीन, शून्य. माझ्या बाणावरून माझा भाऊ मागे आला.

फार बरं वाटलं. आकड्यांवर विश्वास असतोच, पण घरातलं माणूस त्या आकड्यांत नीट बसलं की वेगळाच आनंद होतो.

१४ एप्रिल, मंगळवार

बैठक झाली. डॉक्टर चक्क म्हणाले, "हे आधी का केलं नाही आपण?" नवी यादी उद्यापासून लागू. सहाशे चाळीस माणसं कमी धोक्याची ठरली. त्यांना आता तीन महिन्यांनी नाही, दीड वर्षाने बोलवायचं. तेवढ्या जागा खऱ्या गरजूंना मिळतील. जूनमधे मोठ्या समितीपुढे जायचं. तिथे मान्य झालं तर आणखी सहा रुग्णालयं हेच वापरणार.

दादाची वीस एप्रिलची तारीख रद्द झाली, पुढच्या वर्षी ऑक्टोबरची मिळाली. पत्र येण्याआधी मीच त्याला सांगितलं. तो शेजारच्या शिंप्याला सांगायला गेलासुद्धा: "बहिणीच्या गणिताने पास केलं मला."

१ मे, शुक्रवार

उकाडा मी म्हणतोय आणि दादा घरात मोजे घालून बसतो. विचारलं तर म्हणे पाय गार पडतात. आंघोळीलाही हल्ली दार लावून अर्धा अर्धा तास. मोजे स्वतः धुतो, दोरीवर स्वतः घालतो. मी म्हटलं, नवरदेव झालास की काय? नेहमी शेरास सव्वाशेर उत्तर देणारा माणूस, आज नुसता "हो" म्हणाला.

मग त्यानेच विचारलं, "तुझं ते पक्कं कधी होणार?"

"अकरा जूनला."

"अजून सहा आठवडे." त्याने बोटांवर मोजले. "होईल की."

माझ्या कामाची त्याला इतकी काळजी कधीच नव्हती. मनातून सुखावले.

२३ मे, शनिवार

दोन दिवस घरात काहीतरी कुजल्याचा वास येतोय. उंदीर मेला असणार. आज सगळं घर उपसलं. कपाटं सरकवली, ओट्याखाली हात घालून बघितलं. दादा खुर्चीत बसून हुकूम सोडत होता, तिकडे बघ, माळ्यावर बघ. स्वतः उठेल तर शपथ. मी चिडून बोलले, "आयत्या बिळावरचा नागोबा नुसता. पाय हलव जरा." त्याने ऐकून घेतलं.

उंदीर मिळाला नाही. संध्याकाळी दादाच खाली जाऊन कसलंसं सुवासिक औषध घेऊन आला आणि खोलीभर शिंपडलं. लंगडत होता. चप्पल चावली म्हणाला.

११ जून, गुरुवार

मंजूर! समितीत एकानेही आडकाठी केली नाही. एका बाईंनी विचारलं, "हा मागे येणारा बाण इतका जाड कसा?" मी सांगितलं, उपचारांचा परिणाम. त्यांनी मान डोलावली. सहाही रुग्णालयांत एक जुलैपासून सुरू.

घरी आले तर दादा पांघरूण घेऊन पडलेला, गाल लाल. मी सांगितल्यावर उठून बसला, माझ्या पाठीवर थाप मारली. हात भाजेल इतका गरम होता. "सर्दी आहे," म्हणाला. "मग आता झालं ना पक्कं? कुणी काही म्हणणार नाही ना आता?" मी म्हटलं, कोण काय म्हणणार?

"मग उद्या जरा तुझ्याशी बोलायचंय."

१४ जून, रविवार

लिहायला हात उचलत नाही, पण न लिहून कुठे जाऊ.

शुक्रवारी सकाळी तो थंडीने कुडकुडत होता, बोलणं बरळल्यासारखं. पांघरूण नीट करायला गेले तर उजव्या पायाचा मोजा तळव्याशी ओला. काढू लागले तर निघेना. चिकटला होता. पाण्याने भिजवून काढला आणि मला तो वास कळला. तीन आठवडे मी कपाटामागे शोधत होते तो.

मी ते सगळं ओढत होते, कातडं मोज्याबरोबर येत होतं, आणि दादा छताकडे बघत पडून होता. त्याला काहीच होत नव्हतं. मी रडत विचारलं, "दुखतंय का रे?" तो म्हणाला, "नाही गं. तू कशाला रडतेस?"

रुग्णालयात सिस्टरनी पाय पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

१५ जून, सोमवार

गुडघ्याखालून कापला.

१७ जून, बुधवार

सिस्टरची जखमांची वही मागून घेतली. काळी, जाड, सुतळीने बांधलेली. मार्चमधे ती माझ्यापासून दोन हातांवर टेबलावर होती. मी फक्त तारखा विचारल्या होत्या.

माझे एकवीस जण शोधले. एकवीसही सापडले. एकाचीही नोंद चुकलेली नव्हती. प्रत्येकापुढे सिस्टरच्या गोल अक्षरात जखमेचं माप, आणि उशिरा का आला याचं कारण. एकोणीस जणांपुढे तेच कारण, शब्दही जवळपास तेच: दुखत नव्हतं म्हणून.

नस मरत जाते तसं दुखणंही मरत जातं. सात, तीन, शून्य. माझा बाण मागे जातच नव्हता. तो पुढेच होता, तिसऱ्या चौकोनाकडे, आणि मी त्याचं तोंड फिरवून त्याला बरं होणं म्हटलं. मला ओरडून हे सांगणारी एकवीस माणसं होती. रेघ वाकडी होते म्हणून मी त्यांना हाकलून दिलं. या हातांनी.

१८ जून, गुरुवार

डॉक्टरांच्या दाराशी गेले. ते उठून पुढे आले, म्हणाले, "भावाचं कळलं. तुम्ही आधी घरचं बघा, रजा घ्या हवी तेवढी." इतकं मायेने बोलले की वहीचा विषय मी काढलाच नाही. मान हलवून परत आले.

१९ जून, शुक्रवार

आजही नाही सांगितलं. सकाळी ठरवून गेले होते. दुपारी म्हटलं दादाला ताप आहे. संध्याकाळी म्हटलं डॉक्टर घाईत आहेत. तिकडे सहाशे चाळीस माणसं दीड वर्षाची तारीख उशाशी घेऊन निवांत आहेत. मी भेकड आहे. हे मला पन्नासाव्या वर्षी कळतंय.

२० जून, शनिवार

सांगितलं. वही, चिठ्ठ्या, चौकोनांचा कागद, सगळं टेबलावर मांडलं. डॉक्टर पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "अहवालात मर्यादांचं एक प्रकरण असतंच. त्यात दोन ओळी घालता येतील."

मी म्हटलं, "त्या दोन ओळी कोण वाचणार? ज्यांचे पाय आहेत ते?"

त्यांनी चष्मा पुसला. मग फोन उचलून त्यांनी यादी थांबवायला सांगितलं, समितीला आणि सहाही रुग्णालयांना पत्र लिहायला घेतलं. "सही माझीही आहे त्यावर," म्हणाले. त्याने माझं ओझं अर्धं होईल असं त्यांना वाटलं असावं. झालं नाही.

बाण वळवून मॉडेल पुन्हा चालवलं. सहाशे चाळीसमधले एकशे अठ्ठ्याऐंशी जण निव्वळ त्या बाणावरून मागे आलेले. आता त्यांच्या रांगेत सगळ्यात पुढे दादा होता, म्हणजे असायला हवा होता.

२४ जून, बुधवार

दादाला सांगितलं. सफरचंद कापत होते, सुरी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. सिस्टर काय म्हणाल्या होत्या, जिन्यात मी थांबले होते, एकवीस जण, त्याची रद्द झालेली तारीख. म्हटलं, तुझा पाय मी कापला.

तो खिडकीकडे बघत होता. मग म्हणाला, "मला एप्रिलच्या शेवटी कळलं होतं."

"काय?"

"मोज्याला डाग दिसला. आरसा धरून बघितलं, तळव्याला भोक. दुखत नव्हतं, म्हणून म्हटलं भरेल आपोआप."

"आणि मला नाही सांगितलंस? मी त्याच घरात होते ना रे!"

"तुझी ती बैठक होती ना अकराची." त्याने चादरीची सुरकुती सारखी केली. "तुझ्याच घरात पाय चिघळलेला निघाला असता तर लोकांनी तुझं हसं केलं असतं. म्हटलं, तेवढी पार पडू दे. मग दाखवू."

सहा आठवडे तो बोटांवर मोजत होता. मी सुखावले होते.

"रागव ना माझ्यावर," मी म्हटलं. "बोल काहीतरी. आपट पाय."

"कुठला आपटू?" तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो. खरंच हसलो. मग त्याने तोंड भिंतीकडे वळवलं आणि त्याची पाठ हलायला लागली. मी हात ठेवला तर त्याने तो बाजूला केला. लहानपणापासून त्याने माझा हात कधी बाजूला केला नव्हता. मी खुर्चीत बसून राहिले.

२६ जून, शुक्रवार

पत्रं पोचायला आठवडा लागतो. म्हणून ड्रेसिंगच्या खोलीतल्या फोनवर बसले. दादा वगळता एकशे सत्त्याऐंशी नावं. सिस्टर म्हणाल्या, "मी करते बाई, तुम्ही भावाकडे जा." मी म्हटलं, नको, हे माझं आहे. त्यांनी आपली खुर्ची मला दिली आणि उभ्यानेच पट्ट्या कापत राहिल्या.

दुपारपर्यंत एकतीस फोन झाले. बहुतेकांनी उद्याची वेळ घेतली. तिघांनी ठेवून दिला. बत्तिसावे एक आजोबा, आवाज खणखणीत.

"मी एकदम मजेत! तुमचं पत्र आलं ना, दीड वर्षाने या म्हणून. पाय अजिबात दुखत नाहीत."

"कधीपासून दुखत नाहीत?"

"झाले चार महिने."

"आजोबा, तुम्ही आजच या. शक्य असेल तर आत्ताच."

"अहो, दुखत नाही म्हणतोय ना? बऱ्या माणसाला कशाला हेलपाटे घालायला लावता?"

"ते पत्र चुकीचं होतं. आमच्याकडून..." मी थांबले. सिस्टरची कात्रीही थांबली होती. "माझ्याकडून चूक झाली. दुखायचं थांबलं म्हणजे पाय बरा झाला असं मी धरलं. तसं नसतं. तुम्ही तळवे बघितलेत का एवढ्यात?"

"तळवे कोण बघतं?" म्हणाले. मग जरा दमाने, "थांबा. बघतो."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. थोडं कण्हणं, वाकताना म्हातारी माणसं कण्हतात तसं. मग बराच वेळ काहीच नाही. मग त्यांनी बायकोला हाक मारली.